ओट्याच्या डाव्या अंगाला

रेणापूरहून लातूर म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. त्या दुपारी श्रीशैल आईला, मल्लम्मा अव्वाला, मागच्या डाव्या सीटवर बसवून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीची तपासणी होती. ऑपरेशन सांगितलं तर तिला ते झेपणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आई जाईल की काय, ही एकच भीती त्याच्या मनात होती.

गाडी कंपनीची, चाचणीसाठी दिलेली. चालकापुढच्या स्क्रीनवर काय दिसावं आणि काय नाही, हे ठरवणं श्रीशैलचं काम. शहरातल्या गाड्या एकमेकींशी जोडायच्या होत्या; एकीला कडेला माणूस दिसलं की मागच्या सगळ्यांना कळलं पाहिजे. पण गाडीला उभी माणसंच ओळखू येत, बसलेली नाही; आणि आपल्याकडे अर्धं गाव रस्त्याच्या कडेलाच बसलेलं असतं. म्हणून त्याने नातलगांच्या ग्रुपवर बसलेल्या माणसांचे फोटो मागवले. शेकड्यांनी आले, आणि त्याने ते नीट न बघताच गाडीला शिकवायला दिले.

शेताच्या वळणावर स्क्रीनवर एक पांढरी आकृती उमटली. बसलेली. गाडीने आपणहून वेग कमी केला. बाहेर तुरीचं रान, रणरणतं ऊन आणि बांधापाशी त्याच्या वडिलांच्या, अप्पांच्या समाधीचा ओटा. चिटपाखरू नव्हतं.

"का रे हळू केलीस?"

"काही न्हाई अव्वा. ओट्यापाशी कुणी बसलंय, म्हणते गाडी."

अव्वाने खिडकीतूनच हात जोडले. "बसलेच हायत ते. बसवूनच तर ठेवलंय... कोणत्या अंगाला दिसायलंय?"

"उजव्या."

"आन् डाव्या अंगाला?"

"कुणी न्हाई."

"मग उद्याचं भेव न्हाई," ती सुटल्यासारखी म्हणाली. ओट्याच्या डावीकडची जागा तिच्यासाठी राखलेली होती. तिनेच राखायला लावली होती.

तपासणीत खरंच काही निघालं नाही. गोळ्या लिहून देऊन डॉक्टरांनी घरी सोडलं, आणि श्रीशैलच्या जिवात जीव आला. गोळ्या मिळेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर तो लॅपटॉप उघडून फोटो चाळत बसला, तेव्हा गोम सापडली. चुलतबहीण अंबिकाने अप्पांचा शेवटचा फोटो पाठवला होता. आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून भिंतीशी बसवलेले अप्पा. मयताला असं बसवूनच पुरायची घरचीच रीत. त्यामुळे पाठवताना अंबिकाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि श्रीशैलने तर तो नीट बघितलाच नव्हता. गाडी तेही शिकली. तरी मातीखालचं तिला कसं दिसलं, या प्रश्नाच्या वाटेला श्रीशैल गेला नाही. चार दिवसांत ही शिकवण शहरभरच्या गाड्यांत जायची होती. त्याने फोटो काढून टाकला आणि गाडीला नव्याने शिकवलं.

परतताना वळण आलं. स्क्रीन कोरी.

"आज हायत का रे?" अव्वाने विचारलं.

"न्हाईत. पुसून टाकलं मी."

"पुसलंस?" तिने खिडकीतून ओट्याकडे पाहिलं. "मग आता बसायचं कुठं त्यांनी..."

टिंग. टिंग. टिंग.

मागच्या उजव्या सीटवर कुणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगू लागली. ही घंटा फोटोंवर चालत नाही, सीटवरच्या वजनावर चालते. गाडीत ओल्या विभूतीचा वास भरला. अव्वाने शेजारी न बघता हात लांबवला, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. घंटा थांबली.

"हळू चालव," ती पुटपुटली. "त्यांना धक्के सोसत न्हाईत..."

श्रीशैलला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. त्याने स्क्रीनवर पाहिलं. मागच्या उजव्या सीटचं चित्र हिरवं होतं. डाव्या सीटचं, अव्वाच्या सीटचं, विझलेलं, रिकाम्या सीटचं असतं तसं. आणि मागे पडत चाललेल्या ओट्याच्या डाव्या अंगाला एक पांढरी आकृती नुकतीच उमटली होती. बसलेली.

"श्रीशैल..." मागून अव्वाचा आवाज आला. "ओट्याच्या डाव्या अंगाला... हाय का रे कुणी?"

"कुणी न्हाई, अव्वा," तो म्हणाला.