बशीतली भूक

शेअर रिक्षात शेजारच्या माणसाचं पोट गुरगुरलं, तर त्यात नवल ते काय. पण तनुजानं फोनवर आईला "हो गं, जेवून घेते" असं म्हणायला आणि शेजारच्या तरुणाचं पोट गुरगुरायला एकच गाठ पडली. आवाज असा, की पुढच्या मावशींनी मागं वळून पाहिलं. तनुजानं ओठ दाबून हसू आवरलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, रिक्षाचा पडदा फडफडत होता. तो तरुण लाजेल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सॉरी हं," तो पोटावर हात ठेवून म्हणाला. "हे... बऱ्याच महिन्यांनी बोललं."

"काय म्हणतंय?"

"तुम्हीच विचारा की. तुमचा आवाज ऐकून जागं झालंय."

चावट दिसतोय, असं तिनं मनात म्हटलं आणि पडद्याकडं तोंड फिरवलं. मोशीला तो उतरला. उतरताना त्यानं मागं वळून पाहिलं, आणि तिनंही पाहिलं. आता पाहिलं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो मोशीच्या थांब्यावर उभा होता. तिसऱ्या दिवशीही. नाव कुलदीप. घरची शेती कंपन्यांच्या शेडखाली गेलेली, त्या शेडचं भाडं गोळा करणं हा याचा उद्योग. हळूहळू दोघं चाकणच्या नाक्यावरच्या भाकरी केंद्रात दुपारी भेटू लागली. ती जेवायची, तो समोर बसून तिच्या ताटातली मिरची उगाच इकडून तिकडं करायचा.

"तुम्ही काहीच खात नाही?"

"भूकच नाय लागत." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "भाद्रपदातल्या पोळ्याला बैल सजवता सजवता आडवा झालो. आतड्याला पीळ पडला होता. हातभर ठेवलं, बाकी कापलं. रोज रात्री शिरेतून सलाईन, त्याच्यावर जगतोय."

"आणि उरलेलं?"

"ते वाढवायचं इंजेक्शन घेतो. कसं असतं माहितीये का... आपण जेवलो की आतड्याचं शेवटचं टोक रक्तातून निरोप धाडतं, पाहुणे आलेत, घर वाढवा. माझं निरोप धाडणारं टोकच गेलं. म्हणून निरोप सुईतून द्यायचा. पण डॉक्टर म्हणतात, नुसत्या निरोपानं भागत नाय. पाहुणेही यायला पाहिजेत. घास पोटात पडला नाय, तर आहे तेवढंही झिजणार आणि सलाईन जन्माची."

तनुजाचा घास तोंडात राहिला. ती त्याच निरोपांवर काम करत होती. चाकणच्या एका प्रयोगशाळेत, माणसाच्या आतड्याचे वाटाण्याएवढे गोळे बशीत वाढवायचे, काहींना तो निरोप देणारा हार्मोन घालायचा, काहींना नाही, आणि कोण किती वाढतं ते बघायचं.

"कापलेल्याचं काय केलं?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला.

"अभ्यासाला देता का म्हणाले. म्हटलं न्या, मला काय त्याची चटणी करायचीय?"

ती हसली नाही. पोळ्याच्या मिरवणुकीत गाडी अडकली म्हणून उशिरा आलेला बर्फाचा डबा तिनंच उतरवून घेतला होता. त्या सालात पोळ्याला आलेला तो एकच डबा.

त्यातून वाढलेला एक गोळा सगळ्यांहून वेगळा निघाला होता. त्याला हार्मोन द्यायचा नव्हता. हार्मोनवाल्यांनी वाढावं, यानं खुरटून राहावं, असा हिशेब. पण हा वाढला. गांडुळासारखा सावकाश आवळायचा, सैल व्हायचा. खोलीत यंत्रांच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नसायचा, म्हणून तनुजा त्याच्याशी बोलायची. लालसर पातळ अन्न घालताना रोज म्हणायची, चल, जेवून घे. सकाळी दार उघडावं तर तो बशीच्या मध्यावर नसायचा. दाराकडच्या, तिच्याकडच्या काठाला चिकटलेला असायचा. तिनं बशी फिरवून ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच बाजूला.

आता तिला त्या गोळ्याची भीती वाटू लागली. तरीही तिनं एकदा पारखून पाहिलं. अन्न घालायची वेळ नसताना घातलं, आणि बाहेर येऊन फोन लावला.

"काय करताय?"

"काय नाय, बसलोय..." तो थांबला. "तुम्हाला कसं कळलं? आत्ता एकदम पोट भरल्यासारखं वाटलं. मी पाणीसुद्धा प्यालो नाय."

तिनं फोन बंद केला आणि आत जाऊन बशीवर झाकण ठेवलं.

आणि तरीही ते दिवस गोडच गेले, खोटं कशाला सांगा. तनुजा बोलायची, त्याचं पोट साद द्यायचं, तो अर्धी भाकरी खायचा, मग एक. त्याच्या गालांवर मांस चढलं. सलाईन एका दिवसाआड झाली. तुम्ही जाऊन तू आलं. एकदा तर तिच्या बोटाला लागलेला ठेचा त्यानं आपल्या रुमालानं पुसला आणि रुमाल खिशात ठेवून दिला. ती त्याच्या प्रेमात पडली होती, पुरती. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की एकच प्रश्न छळायचा. याला मी आवडते... की त्या बशीतल्याला?

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख विजयश्री मॅडमनी सांगितलं, प्रयोग संपला, शुक्रवारी सगळ्या बशांत ब्लीच ओतायचं.

तिनं गुरुवारी त्याला सगळं सांगितलं. पोळ्याचा डबा, अन्न, दाराकडचा काठ. कुलदीपनं आपल्या पोटावर हात ठेवला.

"म्हणजे इतके दिवस तू मला तिथून भरवत होतीस."

"गोळा लपवून ठेवता येईल मला. घरी न्यायचा... काहीतरी करीन. तो मेला आणि तुझी भूक गेली तर?"

"तुला काय पाहिजे ते सांग."

तिला स्वतःची लाज वाटली, पण ती बोलली. "मला कळायला पाहिजे, तू येतोस की तो तुला ओढून आणतो."

"मलापण," तो म्हणाला. अगदी हळू. "ओत."

शुक्रवारी तिनं ब्लीचची बाटली उघडली तेव्हा गोळा काठाशी येऊन थांबलेला होता. आज ती काहीच बोलली नाही. ओतलं. तो एकदाच आवळला, आणि मग पांढरा पडत गेला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दुपारी ती भाकरी केंद्रात एकटीच बसली. ताट आलं. भाकरीची वाफ विरली. तो येणार नाही, हे तिनं मनाशी धरून टाकलं होतं, तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली. कुलदीपचा चेहरा ओढलेला होता, ओठ कोरडे पडलेले.

"सकाळी एकदा कळ आली," तो म्हणाला. "मग सगळं गप्प."

"आता?"

"आता काय नाय."

"कुलदीप... चल, जेवून घे," ती म्हणाली. दोघं कान देऊन बसली. आतून काहीही आलं नाही. बाहेर कंटेनर गेला, खिडकीची काच थरथरली, बस. तिचे डोळे भरून आले.

"भूक नाही ना?"

"अजिबात नाय. अन्नाचा वासही नकोसा झालाय."

"मग कशाला आलास?"

त्यानं तिचं ताट आपल्याकडं ओढलं, गार भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि औषध घ्यावं तसा डोळे मिटून गिळला. मग दुसरा मोडला.

"तू एकटी जेवत असशील म्हणून," तो म्हणाला.