कोंड्याला विकलेली लेक

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत या कोंडीबाला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आता आज सकाळीच दूधवाल्यानं पाण्यात थोडं दूध घालून दिलं आणि वर मीच त्याला चहा पाजला, ते वेगळं. परवा बायकोनं दुधी म्हणून पडवळ खाऊ घातलं, तेही सोडून द्या. छोट्या बाबतीत मी हरतो. पण मोठी फसवाफसवी असली की मी कुणाला ऐकत नाही, असं आपलं मी म्हणत होतो. त्या एका उन्हाळ्यापर्यंत.

लाईट लवकर यायची नाही. कंदील तेवढा इकडं सरकवा, सांगतो.

त्या दिवशी मी गिरणीत ज्वारी दळायला गेलो होतो. परत निघालो तर गिरणीच्या पायरीवर आमचा भाडेकरू अनिमेष बसलेला. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, नाकासमोर चालणारा पोरगा. अंगावर उडालेलं पीठ, भुवया पांढऱ्या झालेल्या, मांडीवर दवाखान्याची फाईल. मी आपला सवयीनं बोललो, "काय साहेब, म्हातारं व्हायची एवढी घाई? आम्हाला विचारा, काही मजा नाही त्यात."

त्यानं वर बघितलं. म्हणाला, "आप्पा, परत आलंय."

काय परत आलं ते विचारावं लागलं नाही. त्याची बायको उत्कर्षा, बालवाडीच्या पोरांना गाणी शिकवायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्या छातीत गाठ निघाली होती. ती काढली, केमो झालं, डोक्यावरचे केस गेले. मग केस परत आले ते कुरळे. मी तिला म्हणायचो, पूर्वीची सून बरी होती, ही कोण मेंढी आणलीस घरात. ती हसायची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत दोघं पाळण्यात बसून आली, तिनं मला पिपाणी आणली. आणि आता ते दुखणं हाडात उतरलं होतं. पहिल्या वेळचा खर्च सरकारी योजनेत बसला होता. या वेळचं नवं इंजेक्शन कशातच बसत नव्हतं. गाडी गेली होती, तिचे दागिने गेले होते, त्याच्या गावाकडचा जमिनीचा तुकडा गेला होता.

रात्री जेवताना मी बजाबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, हे सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. करपल्याचा वास आला तरी उठवेना तिला. आम्हाला पोरबाळ नाही. उत्कर्षा आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहायची, पण तिचा निम्मा दिवस बजाबाईच्या चुलीपाशी जायचा. मग बजाबाई म्हणाली, "तुमास्नी कोंड्याला इकलं हुतं न्हवं? तसं हिला इकत घ्यायची का?"

माझ्या आईची माझ्याआधीची पोरं जगली नाहीत. मी झालो तेव्हा तिनं मला सुपात घातलं आणि शेजारच्या तानाबाईला मूठभर कोंड्याला विकून टाकलं. का, तर न्यायला येणारी येते ती त्या आईचं पोर शोधत येते, नावानं हाक मारते आणि ओ मिळाली की घेऊन जाते. त्या आईचं पोरच नाही म्हटल्यावर ती हात हलवत परत जाते. म्हणून मी कोंडीबा. खरं नाव आईनं कधी उच्चारलंच नाही. पोरांना करतात हे, एवढ्या मोठ्या बाईला कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण मरणाची चेष्टा करायची म्हटल्यावर मी मागं राहणार होय? मला ते फारच आवडलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात सूप मांडलं. उत्कर्षा सुपात मावते कुठली. तिनं दोन्ही पाय सुपात ठेवले आणि उभी राहिली. सूप मोडलं तर भरून द्यायचं, असा मी दम दिला. ती हसली, अनिमेषही किती दिवसांनी हसला. बजाबाईनं त्याच्या ओंजळीत गिरणीतला कोंडा ओतला. आता त्यानं मोठ्यानं "विकली" म्हणायचं होतं. तिथं त्याचं हसणं थांबलं. ओठ हलायचे, आवाज निघेना. ओंजळीतून कोंडा गळायला लागला.

उत्कर्षानंच त्याच्या दंडाला हात लावला. "म्हण ना रे. इतकं सगळं विकलंस, मलाच कशाला ठेवतोस?"

तो "विकली" म्हणाला आणि तिथंच उकिडवा बसला.

मी तिचं नाव ठेवलं धोंडी. उंबऱ्याच्या आत-बाहेर कुणी जुनं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. अनिमेष आपलं "अगं" म्हणून भागवायचा. बजाबाई "बाय" म्हणायची. धोंडी म्हणून हाक मारणारा मी एकटा. सकाळी अंगणातून ओरडायचो, "धोंडे, उठलीस का?" आणि आतून ती लाडात येऊन "ओ" द्यायची. त्या "ओ"साठी मी पहाटेपासून जागा असायचो, हे बायकोला सांगू नका.

आता ऐका. बाकीच्या मुलखात भुतंखेतं रात्री येत असतील. सोलापुरात उन्हाळ्यात रात्री कुणी झोपतच नाही, अख्खी पेठ गच्चीवर पडून गप्पा मारते. आमच्याकडं निर्जन होते ती दुपार. वैशाखातली दुपार म्हणजे दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती, रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. ऐकू येते ती फक्त कूलरची घरघर आणि मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट. मी मागावरच जन्म काढला, त्यामुळं ती खटखट असली तरच मला झोप लागते. त्या दिवशी वाड्याच्या दाराशी ओट्यावर पडलो होतो आणि जाग आली ती खटखट थांबल्यामुळं. लाईट गेली म्हणावं तर आमचा कूलर चालूच होता.

समोर एक बाई उभी होती. पन्नाशीची, धुवट साडी, डोक्यावर पदर. दवाखान्यात पेशंटपाशी बसायला येतात ना, तशी शांत. मी आधी पाय बघितले. सरळ होते, रबरी चप्पल होती. मग मला माझंच हसू आलं.

"उत्कर्षा इथंच राहते ना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

जुनं नाव ऐकून मी जरा सावध झालो. म्हटलं, या नावाचं इथं कुणी नाही.

"आणि आत निजलीय ती?"

"ती आमची लेक. धोंडी."

बाई जरा वेळ बंद दाराकडं बघत राहिली. तेवढ्या उन्हात तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ओट्याखालच्या सावलीत पडलेलं कुत्रं उठलं आणि जाऊन उन्हात बसलं. आणि मला वास आला. नुकतंच निरांजन विझवलं की येतो ना, वातीचा, तो. आमच्याकडं देवापुढं दिवा सकाळीच लागतो, दुपारपर्यंत त्याचा वास कुठला राहतोय.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. कोपऱ्यावर वळली तशी मागांची खटखट सुरू झाली.

बजाबाई दार उघडून बाहेर आली. कुणाशी बोलताय म्हणाली. मी म्हटलं, कुणाशी नाही, झोपेत बरळलो. पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. फसली की हो. आमच्या आईनं जिला फसवलं तिलाच मी फसवलं.

ती पुन्हा पुन्हा येत राहिली. तोच प्रश्न, माझं तेच उत्तर, तोच विझल्या वातीचा वास. दर वेळी ती दारापाशी थोडी जास्त वेळ थांबायची. पण परत जायची. आणि इकडं इंजेक्शन लागू पडलं. धोंडी उठून बसायला लागली, शेंगाची चटणी मागून घ्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाढ थांबलीय, पण औषध मध्ये तोडायचं नाही. तोडलं तर पुन्हा सुरू होईल.

आणि नेमके तेव्हाच पैसे संपले.

अनिमेषच्या शाळेतल्या लोकांनी आणि आमच्या गल्लीनं मिळून ठरवलं, चौकात डिजिटल, म्हणजे तो छापील फ्लेक्स, लावायचं. फोटो टाकायचा, मदतीचं आवाहन करायचं. मी म्हटलं, नाव धोंडीच टाका. सगळे हसले. अनिमेष मला बाजूला घेऊन हात जोडून म्हणाला, "आप्पा, बँकेत खातं उत्कर्षाच्या नावाचं आहे. धोंडीला कोण पैसे देईल?" पुढचं इंजेक्शन जवळ आलं होतं. विकत घेतली मी, पण औषध आणायची माझी ऐपत नव्हती.

डिजिटल बनवायला दिलं अक्कलकोटकडच्या बसूला. आता आपल्याकडची डिजिटलं तुम्ही बघता. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर दशक्रिया, नुसत्या नावानं कुणाचं समाधान होत नाही. खाली ऊर्फ पाहिजेच. बसूनं कुणालातरी विचारलं, हिला घरात काय म्हणतात? कुणीतरी सांगितलं. त्यानं मनापासून काम केलं, पैसेही घेतले नाहीत.

मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. सगळे बघून टाळ्या वाजवून झाले तरी मी बोट धरून अक्षरं लावत होतो. वर जत्रेतला फोटो, कुरळे केस, हसरी. खाली एकेक अक्षर हाताएवढं. उत्कर्षा, आणि खालच्या ओळीत ऊर्फ धोंडी. त्याखाली गल्ली, घराची खूण, कोंडीबा आप्पांचा वाडा, सगळं.

बसूला म्हटलं, ती ऊर्फची ओळ खोड. तो बिचारा घाबरला, काय चुकलं आप्पा म्हणाला. मला सांगता येईना. आयुष्यभर खोटं बोललो ते लोकांनी खरं मानलं, आणि आता खरं बोलायचं तर कोण ऐकणार? त्याच दिवशी मदत यायला लागली. मंद्रूपच्या बाजाराहून परतणाऱ्या भाजीवाल्या बायांनी पिशव्या खाली ठेवून चोळीतल्या नोटा काढून दिल्या. अनिमेष प्रत्येकीच्या पाया पडत होता. ते डिजिटल उतरवा असं कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून मी दुपारची वेळ धरली. सगळी झोपल्यावर डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन चौकात गेलो. तेवढी एक ओळ काळी करायची, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशेब.

चौकात चिटपाखरू नव्हतं. एकाही दुकानाचं शटर वर नव्हतं. मागांचा आवाज नव्हता. आणि डिजिटलखाली ती उभी होती. माझ्याकडं पाठ करून, मान वर करून, एकेक अक्षरावर बोट फिरवत वाचत होती. माझ्यासारखीच, अडखळत. पहिलं नाव वाचून झालं. बोट खाली आलं. ओठ पुटपुटत असावेत, आवाज आला नाही. ऊर्फवर बोट थोडं थांबलं, मग पुढं सरकलं.

मी डबा तिथंच टाकून घरी आलो. बजाबाईनं धोतरावरचं डांबर बघून मला शिव्या घातल्या. पहिल्यांदा मला त्या गोड लागल्या.

त्यानंतर मी दुपारी झोपलो नाही. ओट्यावर दाराला पाठ लावून बसायचो. ती आली तर काय सांगायचं, याची नवी नवी उत्तरं जुळवायचो. ती मुंबईला गेली म्हणून सांगू. ती त्या नावाची दुसरीच कुणी म्हणून सांगू. नाहीतर म्हणेन, माझंच खरं नाव सांगतो, घेऊन जा, पण मला तरी ते कुठं माहीत होतं.

ती आलीच नाही. आज नाही, उद्या नाही. कुत्रं सावलीत पडून राहायचं, मागांची खटखट चालू असायची. हळूहळू माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बाई वाचत होती खरी, पण तिलाही कळलं नसेल. तीही चौथीतच बसली असेल दोनदा. इंजेक्शन मिळालं होतं. अनिमेष रात्री गाढ झोपायला लागला होता, त्याचं घोरणं अंगणात ऐकू यायचं. धोंडी मात्र पुन्हा पडून असायची. औषधाचा थकवा, म्हणाले.

एका दुपारी राहवलं नाही. तिला हसवावं म्हणून तिच्या खोलीत गेलो. खिडकीला ओलं पोतं, आत काळोख, ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. खाटेशी बसलो आणि तिला सगळं रंगवून सांगितलं. एक बाई तुझा पत्ता विचारत यायची, तिला मी कशी बनवली, कशी परत पाठवली, आणि आता ती कशी दारात पाय ठेवत नाही. माझी नक्कल ऐकून ती आधी हसायची. या वेळी ती ऐकत राहिली. मग वळली. डोळे मोठे झाले होते, पण भ्यायलेले नव्हते. मला वाटलं, तिला माझीच कीव येतेय.

"धुवट साडी आहे ना त्यांची? अंगाला वातीचा वास येतो?"

मी मान हलवली.

"आप्पा, त्या आता दारात कशाला विचारतील? आतच येतात की. पायाशी बसतात, आणि धोंडे म्हणून हाक मारतात. अगदी तुमच्यासारखी, लाडानं... काल मला वाटलं तुम्हीच आलात. मी ओ दिली."