पुडीत बांधून आणलेला केर

तो दुकानात आला तेव्हा पाऊस पडत नव्हता. जानेवारीत लातुरात कुठला आलाय पाऊस? कोरडं ऊन होतं, औसा रोडची धूळ होती, आणि जेवणाचा डबा उघडावा की आणखी एक गिऱ्हाईक बघावं या विचारात मी काउंटरला टेकून उभी होते. पुढं जे झालं त्याची मला कुणी आगाऊ खबर दिलेली नव्हती.

"केर काढायची मशीन दाखवा की," तो म्हणाला. "ती... आपली आपण फिरती, ती."

"रोबो."

"हाव, तीच."

मी तिन्ही मॉडेलं दाखवली. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. दोऱ्यानं नीट बांधलेली.

"टाकू का?"

"काय आहे त्यात?"

"केर. घरचा."

चार वर्षं मी या दुकानात मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन विकते. लोक खरेदीला बायको आणतात, सासू आणतात, वास्तुशास्त्र सांगणारा मेहुणा आणतात. केर आणलेला हा पहिलाच.

"डाळ मिल आहे आमची, घराला लागूनच," तो म्हणाला. "तुरीचा हंगाम. कितीही झाडा, डाळीची बारीक चुणी पायाला लागतीच. तुमच्या फरशीवर कागदाचे कपटे टाकून दाखवता तुम्ही. ते कुणीबी उचलंल."

"कुठून आलात?"

"उदगीर."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चुकीचा होता, पण पडला.

झालं असं होतं की त्याच सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "मंजू, एक स्थळ आलंय. उदगीरचं. घरचा डाळीचा व्यापार. दोन रविवारांनी येतील म्हणतायत. त्याच्या आधी कुणी दुकानात डोकावलं तर तोंड वाकडं करून उभी राहू नको." मी नाव विचारलं नाही, फोटो बघितला नाही. सहा फोटो बघून झाले होते, सातव्याला उत्साह उरला नव्हता.

आणि आमच्याकडं ही चोरटी पद्धत आहेच. रीतसर बघायला येण्याआधी मुलाकडचं माणूस गिऱ्हाईक होऊन येतं आणि मुलीला न्याहाळून जातं. मागच्या वर्षी एका मावशींनी दीड तास माझ्याकडून फ्रिज समजून घेतला आणि जाताना विचारलं, "तुला चष्म्याचा नंबर किती ग?" फ्रिजही घेतला नाही, मलाही नाही.

इथं तर नवरदेव स्वतःच आला होता. केर घेऊन. मी ठरवलं, हा मला बघतोय तर मीही याला बघून घेते.

"घरी केर कोण काढतं?" मी विचारलं.

"आई. गुडघे गेलेत तिचे. मी काढतो म्हणलं तर झाडू देत नाही हातात."

"का?"

"म्हणती, तू कोपरे सोडतो."

"सोडता?"

त्यानं जरा विचार केला. "सोडतो," तो म्हणाला.

सहापैकी एकानंही असा कबुलीजबाब दिला नसता. मी पुडी सोडून चुणी फरशीवर पसरली आणि मधली मशीन चालू केली. ती फिरली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. ती कोपऱ्याशी अडखळली तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं... आणि हसला. उजव्या गालाला खळी पडत होती. मी फक्त नोंद घेतली.

चौकशीच्या फॉर्मवर त्यानं नाव लिहिलं : उमाशंकर. मशीन घेतली नाही.

तीन दिवसांनी पुन्हा आला. या वेळी वहीच्या पानावर घराचा नकाशा काढून आणला होता, प्रत्येक उंबऱ्याची उंची टेपनं मोजून. दोन तास एसटीत बसून माणूस उंबरे सांगायला येतो याचा दुसरा अर्थ काय काढायचा? मला माझं सासर दाखवतोय, असं मी धरलं.

"हा स्वयंपाकघराचा उंबरा चार बोटं आहे," मी म्हणाले. "मशीन चढणार नाही. उचलून ठेवावी लागेल."

"ठेवीन की."

"रोज?"

"रोज."

"आणि ही माडीवरची खोली?"

"माझी." तो कानापर्यंत लाल झाला. "तिथं... तिथं विशेष केर नसतो. एकटाच असतो मी."

"पुढं माणसं वाढली तर केर वाढेल."

"कुठली माणसं?"

"मी आपलं जनरल म्हणते," मी म्हणाले आणि माहितीपत्रक उलटं धरून वाचायला लागले.

खरं सांगायचं तर तिसऱ्या खेपेला मी त्याची वाट बघत होते. कुणी काच ढकलून आत आलं की मान वळायची. मला स्वतःचाच राग येत होता. रोज इस्त्री केलेला कुर्ता घालून जायला लागले, त्याचाही.

तिसऱ्या वेळी आला तो पडलेला चेहरा घेऊन. मी त्याला मधलं मॉडेल सुचवलं होतं, त्याचा छोटा डबा रोज हातानं रिकामा करावा लागतो. तिथं घोडं अडलं होतं.

"मिल बंद व्हायला सहा वाजतात," तो म्हणाला. "धूळ बसती आणि मग मशीन फिरवायची. तवर दिवेलागण. दिवा लागल्यावर घरातला केर बाहेर टाकायचा नाही, आईचं लई कडक हाय. लक्ष्मी जाती म्हणती. डबा तसाच भरलेला ठेवला तर दुसऱ्या दिवशी मशीन अडकंल. आता काय करावं?"

मी त्याला कोपऱ्यातल्या तिसऱ्या मॉडेलपाशी नेलं. बुटक्या कपाटाएवढा त्याचा डॉक, म्हणजे मशीनची बसायची जागा. "ही फिरून आली की पोटातला केर स्वतःच यात ओतते. आत पिशवी आहे. महिना-दीड महिना बघायला नको."

"म्हणजे केर बाहेर जात नाही?"

"घरातच राहतो. पिशवी कधीतरी सकाळी टाका."

तो त्या डॉककडं बघत राहिला आणि एकदम खो खो हसत सुटला. "म्हणजे लक्ष्मी पिशवीत!"

मलाही हसू आवरेना. दुकानाचे शेठ केबिनमधून डोकावले. त्या क्षणी मला तो आवडला. म्हणजे आधीपासूनच आवडत होता, पण तेव्हा ते मी माझ्यापुरतं मान्य केलं. झालं तर मग.

शनिवारी तो येऊन पैसे भरून गेला. मशीन सोमवारी घरी लावून द्यायची ठरली. जाताना दारात थांबला. "लावायला... कोण येतं?"

"टेक्निशियन."

"हां," तो म्हणाला. "बरं."

त्या संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं, "उद्याच्या मंडळींना माझा होकार कळवा."

अप्पांनी हातातला चहा खाली ठेवला. "न बघता?"

"न बघता."

आई गेल्यापासून घरी आम्ही दोघंच. अप्पा इतके खूश झालेले मी फार वर्षांत बघितले नव्हते. त्यांनी लगेच उदगीरला फोन लावला.

रविवारी मंडळी आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, मान वर केली... आणि समोर भलताच माणूस. नाव रुद्रेश. सरळ, सभ्य, पांढऱ्या शर्टातला. त्याचाही डाळीचाच धंदा. उदगीरात डाळवाल्यांची काय कमी? तो कधी दुकानाकडं फिरकलाच नव्हता. चोरून बघणं त्याला पटत नाही, असं त्याच्या काकांनी कौतुकानं सांगितलं.

त्याच्यात काढायला दोष नव्हता. माझा होकार आधीच पोचलेला असल्यामुळं त्यांनी मला काही विचारलंही नाही. बुधवारी सुपारी फोडायचं ठरवून, हसत, पेढे देऊन मंडळी गेली.

रात्रभर मी पंख्याकडं बघत पडून होते. उमाशंकर मला बघायला आलाच नव्हता. तो मशीन बघायला आला होता. साधं गिऱ्हाईक. मी मात्र त्याचं घर, उंबरे, माडी सगळं मनात मांडून बसले होते. बुधवारी सुपारी फुटली की अप्पांचा शब्द पक्का होणार, आणि अप्पांनी शब्द फिरवलेला मी कधी बघितला नाही. हातात दोन दिवस होते.

सोमवारी मी शेठना सांगितलं, उदगीरला मी जाते. ते म्हणाले, मंजुश्री, तुला स्क्रू तरी लावता येतो का? मी म्हणाले, या मशीनला स्क्रू नसतो.

पोचायला साडेचार झाले. दारात रत्नम्मा, उमाशंकरच्या आई. कपाळावर विभूतीचे पट्टे, एक हात गुडघ्यावर. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या म्हणत त्यांनी मला आत ओढलंच. "बस माय. पाणी घे आदी."

तो मिलमधून धावत आला. भुवयांवरसुद्धा डाळीची पांढरी धूळ. "टेक्निशियन कुठाय?"

"आजारी आहे," मी म्हणाले. टेक्निशियन ठणठणीत होता.

मशीननं घराचा नकाशा करायला वेळ घेतला. मशीननं तिथं जाऊ नये म्हणून फोनवर चौकोन आखून देवघरासमोरची रांगोळी मी वाचवली. मशीन पलंगाखाली गेली, बाहेर आली, भिंतीकडेनं फिरली. रत्नम्मा खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, घरात घोरपड शिरल्यासारख्या.

सहा वाजले. त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि वळून ओरडल्या, "बंद कर, बंद कर! दिवा लागला!"

मी बटण दाबलं. मशीन डॉककडं परतली आणि केर ओतताना एकदम घर्रर्र करून गरजली. रत्नम्मांनी माझं मनगट पकडलं.

"केर कुठं टाकला तिनं?"

"टाकला नाही अव्वा. इथंच आहे," मी म्हणाले आणि झाकण उघडून पिशवी दाखवली. त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हटलं हे मला नंतर कळलं. त्याला लगेच कळलं असावं, कारण तो उगाच वायर गुंडाळायला लागला.

रत्नम्मांनी वाकून निरखून बघितलं. "घरातच हाय म्हणायचा."

"घरातच."

"मग फिरू दे की! कशाला बंद केलीस?"

साडेसहाच्या एसटीला सोडायला तो मला मोटरसायकलवरून स्टँडवर घेऊन आला. गाडी लागलेली होती. आता बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"काल मला बघायला मंडळी आली होती," मी म्हणाले.

त्याचा हात हँडलवर तसाच राहिला. "अच्छा," तो म्हणाला. "मग... चांगलं झालं की."

"चांगलं कुठलं? मला वाटलं होतं तुम्ही येणार."

"मी?"

मग मी सगळं सांगून टाकलं. अप्पांचं स्थळ, उदगीर, डाळ, त्याची पुडी, माझा न बघता दिलेला होकार. बोलताना त्याच्याकडं बघत नव्हते. समोरच्या रसवंतीचं चाक बघत होते.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "'कोपरे सोडता का', हे तुम्ही नवरा म्हणून विचारलं होतं?"

"हाव."

"मग नापास झालो असंल मी."

"पास झालात," मी म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे. मला तुम्ही आवडता. बुधवारी सुपारी आहे. बस, एवढंच सांगायला आले होते. टेक्निशियन आजारी नाही."

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. मी पळत जाऊन गाडीत चढले, खिडकीला बसले आणि डोळे मिटून घेतले. सांगितलं ते बरं केलं, असं स्वतःला समजावत होते. रडू येत होतं, ते वेगळं.

गाडी हलली. कंडक्टर जवळ आला. मी पर्स उघडली तर त्याच्या मागून आवाज आला, "दोन लातूर."

मान वर केली. उमाशंकर. भुवयांवर अजून धूळ, धापा टाकत होता.

"अहो, मोटरसायकल?"

"हाय तिथंच. चावी लागलेली हाय बहुतेक." तो शेजारी बसला. "मंजुश्री, माझ्याकडं फोन हाय. उंबऱ्याची उंची फोनवर बी सांगता आली असती. पहिल्या दिवसानंतर मी मशीन बघायला आलोच नव्हतो."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीही दिसत नव्हतं. तरी बराच वेळ बघितलं, कारण चेहरा ताब्यात नव्हता. सीटवर त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि दोघांनीही काढून घेतला नाही.

मग मी आधी रुद्रेशला, काल त्याच्या काकांनी दिलेल्या नंबरवर, फोन केला. चूक माझी, असं स्पष्ट सांगून माफी मागितली. तो म्हणाला, "सुपारीच्या आधी सांगितलं, बरं झालं." सभ्य माणूस. मग अप्पांना लावला. सगळं ऐकून घेईपर्यंत ते फक्त "हं" म्हणत होते.

"मंजू, त्या लोकांपुढं मान खाली गेली माझी," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे अप्पा. मी येऊन पाया पडते त्यांच्या."

"आणि हा मुलगा? नुसता तुझ्याच डोक्यात आहे, का त्याच्या पण आहे?"

"त्याच्या पण आहे."

अप्पांनी मोठा श्वास सोडला. चहाची कपबशी खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. "मग त्याला म्हणावं, चोरून-बिरून नको. समोर येऊन बस माझ्या. कधी येतो म्हणतोय?"

मी शेजारी बघितलं. तो रुमालानं भुवया पुसत होता आणि कान फोनकडं लावून बसला होता.

"निघालाय अप्पा," मी म्हणाले. "गाडीनं नळेगाव आत्ताच सोडलं."