फिरकीचा तांब्या

मीनलला डबा पोहोचवायचा होता, म्हणून आम्ही निघालो. २०२०चा नोव्हेंबर. मीनल ही माझ्या सुनेची, संपदाची, मैत्रीण, कोरोना होऊन घरात एकटी पडलेली. मी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे व्हेन्लो या डच गावी आलो होतो. विमानं बंद झाली आणि अडकलो. त्या दिवशी दुपारी तीनला धुकं होतं. मुलगा श्रीहर्ष सोबत होता.

माझ्या हातात फिरकीचा तांब्या होता. माझी शाळा चौथीपर्यंत. मग इचलकरंजीत कापड ब्लीच करायच्या खात्यात एकोणचाळीस वर्षं. तिथं पेरॉक्साइड असतं. दिसायला पाणी. हाताला लागलं की बोटं पांढरी पडतात. जहाल असलं तर कातडी सुटते, आणि कापडावर सांडलं तर कापड पेटतं. उपाय एकच, भरपूर पाणी. त्यामुळे पाणी मी कायम जवळ ठेवतो. पेरॉक्साइडला तांबं-पितळ चालत नाही, म्हणून माझा तांब्या स्टीलचा.

"आप्पा, बाटली घेत जा ना. लोक बघतात."

"बघू देत. फुकट आहे."

डबा दाराशी ठेवला. मीनलनं काचेतून हात जोडले. परत येताना आम्ही जवळची वाट म्हणून माळावरून आलो. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांचा विमानतळ होता. आता तिथं ग्लायडर उडवतात. तेही तेव्हा बंद होतं.

श्री आइंडहोव्हनला इंजिनिअर. त्याला असल्या गोष्टींचा नाद.

"इथं रॉकेटवर चालणारी विमानं होती, आप्पा. उडालं की चाकं खाली टाकून द्यायची."

"मग उतरायचं कशावर? पोटावर?"

"पोटाखालच्या पट्टीवर. तोवर इंधन संपलेलं. उतरायची संधी एकच, पुन्हा वर जाणं नाही. टाकीत थोडं उरलं असलं आणि धक्का बसला, तर स्फोट."

"इंधन कसलं?"

तो हसला. "तुमचंच. पेरॉक्साइड. पण ऐंशी टक्के."

मी थांबलो. पन्नास टक्क्यांच्या कॅनला हात लावताना आम्ही देवाचं नाव घ्यायचो.

"आणि उडवणारा कुठं बसायचा?"

"टाक्यांच्या मधे. दोन्ही बाजूंना टाक्या."

"बनवणाऱ्याला बसवायला हवं होतं तिथं."

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी गेलं. आवाज नाही. घार जाते तसं, पण मोठं आणि बुटकं. वाऱ्यानं माझी टोपी उडाली. पुढे धुक्यात जमीन खरवडल्याचा आवाज झाला, लांबलचक. मग एक दणका. मग नुसतं फसफसणं.

"ग्लायडर पडलं!" श्री धावला.

"बंद आहेत ना ती?" मी ओरडलो. तो थांबला नाही.

मी पोहोचलो तेव्हा वास आधी आला. सडक्या मासळीचा, आणि त्याखाली माझ्या खात्याचा वास. तो मी झोपेतही ओळखीन. गवतात एक माणूस बसला होता. अंगावरचा पोशाख धड होता. आतला माणूस धड नव्हता. बाहीतून हात बाहेर आला होता, पण त्याला बोटं नव्हती. फार शिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी पांढरं, ओघळणारं. गालाचं कातडं सोनेरी लवेसकट हनुवटीवर उतरलं होतं. त्यातून तोंड उघडलं.

"वासर..."

"जर्मनमध्ये पाणी मागतोय, आप्पा..." श्री कुजबुजला. त्यानं गळ्यातला सुती मफलर काढला आणि त्या माणसाचं तोंड पुसायला वाकला.

"कापड लावू नकोस!"

उशीर झाला होता. मफलर धुमसला आणि पेटला. श्रीची बाहीही पेटली. तो किंचाळला. मी त्याला मागं ओढलं. तांब्याची फिरकी फिरवली.

पाणी एक लिटर होतं. माणसं दोन.

मी सगळं श्रीच्या हातावर ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. तो माणूस बघत होता. एक डोळा शाबूत होता, निळा. तांब्या रिकामा झाला तरी तो तांब्याकडेच बघत राहिला.

आमच्यात मरणाऱ्याला पाणी नाकारत नाहीत. माझ्या बापानं वैऱ्याला पाजलं होतं. खरं सांगतो, मला दयाही आली नाही. किळस आली. मी तोंड फिरवलं आणि गवतात ओकलो.

मान वर केली तेव्हा तिथं कोणी नव्हतं. गवत उभं होतं. एक काडी मोडलेली नव्हती.

"चला आप्पा..." श्री म्हणाला. "चला... मागं बघू नका."

त्याची बोटं पांढरीफटक पडली होती. तासाभरात रंग परत आला. बाहीचं भोक मात्र राहिलं. संपदानं विचारलं तेव्हा "सिगरेट" म्हणाला. आयुष्यात त्यानं सिगरेट ओढलेली नाही. तो हा विषय पुन्हा काढत नाही, मीही नाही.

मी मुलाला वाचवलं. तीच वेळ आली तर परत तेच करीन.

पुढल्या वर्षी मी इचलकरंजीला परत आलो. तांब्या आणला. रोज घासून, भरून, झाकण लावून त्या माणसासाठी ठेवतो. पाणी कमी होत नाही. कोणी पीत नाही, मीही नाही. पण सकाळी झाकण काढलं की वर पातळ, पांढरी साय धरलेली असते. बोटानं उचलली तर आख्खी येते. कोमट असते. परवा नीट उजेडात धरून पाहिली.

तिच्यावर बारीक, सोनेरी लव आहे.