न गळणारं इंजिन

किक मारून मारून चष्मेवाल्यांच्या मुलीचा पाय भरून आला, पण मोटरसायकल हूं की चूं करेना.

सकाळी हीच गाडी सगळ्यांच्या आधी, पहिल्या किकला सुरू झाली होती. घाटाची वळणं तिने न दमता चढली होती. माथ्यावरच्या उपाहारगृहाच्या अंगणात ती शिरली, तेव्हा आत जेवत बसलेली परकी माणसंसुद्धा हातातला घास तसाच ठेवून खिडकीशी आली होती. आता जेवणं आटोपली होती, जुन्या मोटरसायकलींच्या क्लबातल्या बाकीच्या चारही गाड्या धडधडत निघायच्या तयारीत होत्या, आणि नेमकी हीच रुसून बसली होती.

"बाबांना काय सांगू आता?" ती स्वतःशीच म्हणाली.

प्रश्न साधा नव्हता. चष्मेवाल्यांनी ही गाडी भंगारातून उचलून आणली होती आणि चष्म्यांचं दुकान मुलीवर सोपवून वर्षानुवर्षं एकेक नट हाताने घासून तिला उभं केलं होतं. गाडी तयार झाली तोवर त्यांचे हात थरथरायला लागले. म्हणून आज पहिल्याच सफरीला मुलगी निघाली होती. निघताना त्यांनी तिला बजावलं होतं, की गाडी स्वतःच्या चाकांवर घरी परत आली तर ती कायमची घरात राहील. टेम्पोत घालून आणावी लागली, तर आपलं काम कच्चं राहिलं असं समजू आणि ज्याला हवी त्याला ती देऊन टाकू.

ही अट क्लबात सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना गाडी हवी होती असे तिघेही तिथेच उभे होते. क्लबचे अध्यक्ष, घड्याळजी आणि दातांचे डॉक्टर. तिघांनीही कधी ना कधी चष्मेवाल्यांच्या घरी खेपा घालून गाडी मागितली होती आणि तिघेही चहा पिऊन रिकाम्या हातांनी परतले होते.

"माझ्या ओळखीचा टेम्पोवाला आहे," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "बोलवू का? तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. जुन्या गाड्यांचं असंच असतं."

"टेम्पो राहू द्या," मागून आवाज आला. "आधी मला बघू द्या."

त्या सासूबाई होत्या. म्हणजे खऱ्या एकाच माणसाच्या सासूबाई, पण सगळा क्लब त्यांना त्याच नावाने ओळखत असे. खासगी चौकशीचं काम करत त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि बाजूला बसायचा डबा जोडलेली, जोडडब्याची त्यांची मोटरसायकल त्या अजून स्वतः चालवत. जोडडब्यात गुडघे पोटाशी घेऊन त्यांचे जावई बसत. जावई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, पण सासूने चालवलेल्या गाडीत जावयाने किती ऐटीत बसावं, हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं.

सासूबाईंनी प्लग काढून तपासला. ठिणगी नव्हती. मग त्या खाली वाकल्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मॅग्नेटोवरची स्प्रिंगची पट्टी बाजूला सारली आणि टोपी काढली. आतला पॉइंट गायब होता. करंगळीच्या पेराएवढा तुकडा, पण तो नसला तर ठिणगी पडायची नाही.

"आपोआप पडला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"टोपी बंद ठेवून?" सासूबाई उठल्या. "अध्यक्ष, इंजिनं बंद करायला सांगा. कोणी निघायचं नाही."

जावई लगेच कामाला लागले. त्यांच्या मते हे काम बाहेरच्या एखाद्या टवाळाचं होतं. सासूबाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"अहो जावईबापू, टवाळ असता तर त्याने वायर तोडली असती, नाहीतर टाकीत माती घातली असती. याने आतला स्क्रू सोडवून पॉइंट काढलाय, आणि टोपी परत लावून पट्टीसुद्धा जागेवर सरकवलीय. हे आपल्यातल्याच कोणाचं तरी काम आहे."

जावयांना ते पटलं. आपणही काही शोधून काढावं म्हणून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"काही म्हणा आई, इंजिन बनवावं तर चष्मेवाल्यांनी," ते कौतुकाने म्हणाले. "आपल्या गाड्यांखालचे कागद तेलाने माखलेत, आणि हिच्या खालच्या कागदावर डाग म्हणून नाही."

सासूबाई थबकल्या. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यांनी तो कागद बघितला. जुनं वर्तमानपत्र, चौपदरी घडी घालून बरोबर इंजिनाखाली सरकवलेलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्हाला डब्यात बसवून आणलं त्याचं आज सार्थक झालं."

का झालं, ते जावयांना कळलं नाही, पण त्यांची छाती मात्र फुगली.

त्या कागदाची गोष्ट अशी. जुनी मोटरसायकल थांबली की तेल गाळते, आणि या मंडळींना त्याची इतकी सवय, की गाडी उभी केली की डोकं हेल्मेटमधून बाहेर यायच्या आधी हात इंजिनाखाली काहीतरी सरकवतो. उपाहारगृहाच्या मालकाने अंगणात नवी कोरी फरशी घातली होती. दुपारी गाड्या शिरताच तो जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा पायरीवर ठेवून दारातच उभा राहिला होता. सगळ्यांनी मुकाट्याने कागद उचलले. चष्मेवाल्यांच्या मुलीने तेवढा घेतला नाही.

"आमचं इंजिन गळत नाही," ती म्हणाली होती. "एक थेंब जरी पडला तर तुमचं सगळं अंगण मी पुसून देईन."

मालकाने पैज घेतली होती. थेंब पडला नाही तर सगळ्यांना चहा त्याच्याकडून. अध्यक्ष पंच झाले, घड्याळजींनी हसून टाळी दिली आणि सगळे हात धुवायला आत गेले. डॉक्टर तेवढे मागे राहिले होते. वाटेत प्लग साफ करत थांबलो, असं सांगत ते आले तेव्हा पानं वाढून झाली होती.

सासूबाईंनी आधी मालकाला गाठलं. कागद तू ठेवलास का, किंवा तुझ्या कोणा माणसाने? मालक जवळजवळ दुखावला. कागद ठेवून तो स्वतःचीच पैज कशाला मोडेल? थेंब पडतो का, हे बघायला तर त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याची माणसंही वाढण्यात गुंतली होती.

मग तिघांची पाळी आली. अध्यक्ष जेवणाच्या मध्येच फोन करायला अंगणात गेले होते, हे त्यांनी आढेवेढे घेत कबूल केलं. घड्याळजी गोळी विसरली म्हणून गाडीच्या पिशवीपर्यंत जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, की ते आले ते थेट पानावर बसले आणि जेवण होईपर्यंत जागचे हलले नाहीत. हे खरंच होतं, शेजारी बसलेल्या जावयांनी त्याची ग्वाही दिली.

"म्हणजे डॉक्टर सुटले," जावई कानाशी पुटपुटले. "अध्यक्ष किंवा घड्याळजी. मला विचाराल तर अध्यक्ष. रांगेत सगळ्यांच्या पुढे यांची गाडी असते, आणि आज लोक बघत होते ते हिच्याकडे."

सासूबाईंनी सगळ्यांना त्या गाडीभोवती बोलावलं.

"ज्याने पॉइंट काढला त्याने गाडीखाली हा कागद ठेवला," त्यांनी सुरुवात केली. "हा बाहेरच्या माणसाचा हात नाही. बाहेरच्याला जुन्या गाडीखाली कागद लागतो हेच सुचणार नाही. ही आपल्या हाताची सवय आहे. गाडीशी वाकला, खाली फरशी उघडी दिसली, आणि हाताने आपलं काम करून टाकलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही."

"पण अध्यक्ष पैजेचे पंच होते. घड्याळजींनी टाळी दिली. मी आणि जावईबापू तिथेच होतो. इथे कागद ठेवायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण गाडी हलली की खालची उघडी फरशीच तर आम्ही बघणार होतो. आमच्यापैकी कोणी चोरी करायला वाकला असता, तर त्याने उलट कागदाला हात लावायचं टाळलं असतं. ही कागद घ्यायला विसरली, असं एकालाच वाटू शकतं. पैज लागली तेव्हा जो इथे नव्हता त्याला."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"डॉक्टर, जेवताना तुम्ही उठला नाहीत, अगदी खरं. तुम्हाला उठायची गरजच नव्हती. तुम्ही आलात तेव्हा आम्ही आत होतो आणि अंगणात तुमच्याखेरीज कोणी नव्हतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "नुसत्या कागदावरून? माझ्याकडे पॉइंट सापडला तर बोला."

"सापडेल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही चोर आहात, पण या क्लबातले आहात. असा पॉइंट आता कुठे मिळत नाही. दरीत भिरकावून मोकळं व्हायला तुमचा हात धजणार नाही. तुम्ही तो जपून ठेवला असणार."

डॉक्टरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कापसात गुंडाळलेला पॉइंट बाहेर काढला.

"टेम्पोत चढलेली बघितली की चष्मेवाले देऊन टाकतील," ते म्हणाले. "मी तिला खूप चांगलं ठेवलं असतं."

अध्यक्ष संतापले. डॉक्टरांनी क्लबातून चालतं व्हावं, आत्ताच्या आत्ता, असं त्यांनी फर्मावलं. चष्मेवाल्यांच्या मुलीने त्यांना थांबवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता.

"आधी पॉइंट बसवा, डॉक्टर. तुम्हीच काढलात, तुम्हीच बसवा. माझ्या बाबांनी आत काय काम केलंय ते नीट बघून घ्या. आणि मग घरापर्यंत माझ्या मागे या. पुढचं अध्यक्ष ठरवतील."

डॉक्टर फरशीवर गुडघे टेकून बसले. स्क्रू घट्ट झाला, टोपी बसली, पट्टी जागेवर आली. उठताना ते कोणाला उद्देशून नाही, असं हळूच म्हणाले, "असं काम मी आजवर बघितलं नाही."

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. अध्यक्षांनी आपली गाडी रांगेच्या तोंडावरून मागे घेतली आणि हाताने तिला पुढे जायची खूण केली. इतकी वर्षं ती जागा त्यांनी कोणाला दिली नव्हती. जोडडब्यात बसलेल्या जावयांना अभिमानाने गहिवरून आलं, आणि ते त्यांनी अजिबात लपवलं नाही.

उन्हं उतरताना पाचही गाड्या चष्मेवाल्यांच्या गल्लीत शिरल्या. म्हातारे केव्हापासून फाटकाशी उभे असावेत, कारण शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती आणि ते तिच्यावर बसले नव्हते. गाडी स्वतःच्या चाकांवर आली. त्यांनी आधी मुलीला नखशिखांत न्याहाळलं, मग थरथरता तळवा तापलेल्या टाकीवर ठेवला.

"रस्त्यात कुठे त्रास दिला का गं?"

तिच्या मागे डॉक्टर हेल्मेट हातात घेऊन, मान खाली घालून उभे होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"गाडीनं? गाडीनं काही त्रास दिला नाही, बाबा."

चष्मेवाले वळले. शेजारी, क्लब, गच्च्यांवरून बघणारी माणसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घाट चढून आलीय. माझ्या मुलीनं आणलीय. आता ही आमच्या घरातून हलायची नाही."