आईची पाटी, सव्वाचार वाजता

आधीच सांगते, खोटी गोष्ट रचायला जी ताकद लागते, ती माझ्यात उरलेली नाही. दोन वर्षं आईचं आजारपण काढलं, मग घर बदललं, आणि रोज आठ तास हेडफोन लावून डॉक्टर लोकांची बडबड टाइप करते. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितेय. विश्वास ठेवा, नका ठेवू.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

सव्वाचारची आहे. दुपारी सव्वाचारची. बाहेर लख्ख ऊन, खाली कुणीतरी गाडी धुतंय, आणि वरच्या मजल्यावर ड्रिल चाललंय... अशा वेळची.

आईला जाऊन सात महिने झाले. जुनं घर एकटीला खायला उठायचं, म्हणून हे छोटं घेतलं. चौथा मजला, पुढे एक खोली, मागे एक. सामान लागलं आणि मग इंटरनेटवाला आला. त्यानं गच्चीवर जाऊन पाहिलं, खाली येऊन डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मॅडम, इथवर वायर येत नाही. दोन महिने तरी धरून चाला."

दोन महिने! आमच्याकडे दिवसाच्या सगळ्या फाइली पाचच्या आत वर चढवाव्या लागतात. महिन्यात तीनदा उशीर झाला की कामावरून नाव कमी. आमची सुपरवायझर बाई वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. आणि या वयात दुसरं काम मला कोण देणार? तशीही धावाधाव करायचं त्राण नाहीच.

धाकट्याला फोन केला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशी आली तरी धाकटाच.

"ताई, रडतेस काय? मोबाइलचं नेट घे घरासाठी," तो म्हणाला. "सिम घालायचा राउटर मिळतो. वायर नको, माणूस नको. शनिवारी येऊन लावून देतो."

शनिवारी तो डबा घेऊन आला. सिम घातलं, बटण दाबलं. डब्यावर तीन दिवे. तिन्ही लागले तर काम चालेल, नाहीतर राम राम. पुढच्या खोलीत एकच दिवा लागला. स्वयंपाकघरात तोही नाही. मांजर पिल्लाला सात घरं फिरवते, तसा धाकटा तो डबा आणि लांब वायरीचा बोर्ड घेऊन घरभर फिरत होता. मी मागे मागे वायर सोडवत.

तिन्ही दिवे एकाच जागी लागले.

मागच्या खोलीतल्या खिडकीत.

त्या खोलीत आईची लोखंडी खाट आहे. कुणी घेईना, मलाही टाकवेना. तिचा एक पाय आखूड आहे. आईनं कूस बदलली की तो फरशीवर आपटायचा... टक्. म्हणून मी खाली कागदाची घडी सारली होती, नव्या घरातही सारली. राउटर बरोबर त्या खाटेच्या उशाशी बसला.

"आता नाव आणि पासवर्ड," धाकटा म्हणाला. "जुन्या घरचंच ठेवू का? म्हणजे तुझा लॅपटॉप, फोन, सगळं आपोआप जोडलं जाईल. पुन्हा एकेकावर पासवर्ड टाकत बसायला नको."

"ठेव बाबा," मी म्हटलं. "जेवढे कष्ट कमी तेवढं बरं."

ही आमची चूक. तेव्हा ती चूक वाटली नाही, हुशारी वाटली.

जुन्या घरचा पासवर्ड आईनं ठेवलेला होता. दारलावलंसका. इंग्रजी अक्षरांत, सलग. ती दिवसातून दहा वेळा हेच विचारायची, म्हणून धाकट्यानं चिडवलं होतं, "आई, हाच ठेव, म्हणजे विसरायची नाहीस." आम्हा तिघांशिवाय तो कुणालाही माहीत नव्हता.

नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आणि खरंच, लॅपटॉप लगेच जोडला गेला, फोनही. धाकट्यानं चहा घेतला, स्वतःची पाठ थोपटली आणि गेला.

सोमवारी काम सुरू केलं. सकाळभर नेट पाण्यासारखं. चारला सगळ्या फाइली तयार. चढवायला घेतल्या आणि...

सव्वाचारला सगळं अडकलं.

गोल फिरतंय, फिरतंय, पुढे सरकत नाही. उठून मागच्या खोलीत गेले. तिन्ही दिवे नीट लागलेले. तिथली ट्यूब जात आली होती, तिचा घूं घूं आवाज चालायचा... तोही बंद. पाच मिनिटांनी कंटाळून परत आले. चार पस्तीसला नेट आपोआप सुटलं, पण फाइली पोचायला पाचवर दहा मिनिटं झाली.

पहिला उशीर.

मंगळवारी तेच. सव्वाचारला अडकलं, चार पस्तीसला सुटलं. दुसरा उशीर. सुपरवायझर बाईचा फोन आला, "ताई, अजून एक झाला तर माझ्याही हातात काही नाही हो."

बुधवारी मी जेवलेच नाही. साडेतीनलाच फाइली पाठवून मोकळी झाले. मग धाकट्यानं शिकवलं होतं तसं राउटरचं पान उघडून बसले. नेटला काय काय जोडलंय, कोण किती खातंय, ते त्यात दिसतं. दोनच नावं होती. माझा लॅपटॉप, माझा फोन.

सव्वाचार वाजले.

तिसरी ओळ आली...

आईची पाटी.

तुम्हाला सांगायला हवं. शेवटच्या दीड वर्षात आईचा आवाज गेला होता. म्हणजे निघायचा, पण भिंतीपलीकडे पोचायचा नाही. म्हणून धाकट्यानं तिला टॅब आणून दिला आणि त्याला गमतीनं नाव दिलं, आईची पाटी. काही हवं असलं की ती डाव्या अंगठ्यानं मला व्हिडिओ कॉल लावायची. एकाच घरात एकमेकींना व्हिडिओ कॉल करणाऱ्या आम्ही दोघी. पडदा सरकव. किती वाजले. दार लावलंस का. दिवसातून वीसदा.

आई गेल्यावर महिन्याभरात त्या टॅबची बॅटरी फुगली. धाकटा तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. त्यानं धाकट्यासमोर बॅटरी काढली, आतलं सगळं सुटं केलं आणि भंगाराच्या खोक्यात टाकलं.

आणि आता ती ओळ माझ्यासमोर होती. नावापुढे सिग्नलच्या पाच काड्या. पाचच्या पाच. माझ्या लॅपटॉपला दोनच होत्या, कारण मी पुढच्या खोलीत होते.

पाच काड्या म्हणजे राउटरला खेटून. उशाशी.

आणि शेजारी आकडा वाढत होता. व्हिडिओ कॉल चालू असला की जेवढं नेट जातं, तेवढं जात होतं.

चार पस्तीसला ओळ गेली.

गुरुवारी धाकटा अर्धी रजा टाकून आला. येतानाच हसत होता. "अगं, शेजारचं कुणीतरी असेल. नाहीतर झोप कमी झालीय तुझी."

"पासवर्ड शेजारच्याला कुणी दिला?"

"तूच दिला असशील. तुझं काय सांगता येतं."

चहा घेऊन आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. सव्वाचार झाले. ओळ आली. धाकट्याचं हसू तिथेच थांबलं, पण तो हट्टी आहे. म्हणाला, "नाव काय, कुणीही देईल. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक नंबर असतो, तो खोक्यावर छापलेला असतो. टॅबचं खोकं आहे?"

माझ्याकडे सगळी खोकी असतात. यावरून आयुष्यभर बोलणी खाल्लीत. माळ्यावरून काढून दिलं. तो बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेला... शेवटचा आकडाही जुळला.

त्यानं खोकं खाली ठेवलं.

आणि मग मागच्या खोलीतून आलं...

टक्.

"खाटेखाली कागद ठेवला होतास ना?" त्यानं हळूच विचारलं.

"ठेवला होता."

दोघं उठून गेलो. कागद जागेवर होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. खाटेवर काही नव्हतं. धाकट्यानं तीनदा वाकून पाहिलं. माझा भाऊ घाबरला की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. ते लाल झाले होते.

"ताई, नाव बदलू. पाच मिनिटांचं काम आहे. नवं नाव, नवा पासवर्ड. मग जुन्यातलं काहीही जोडलं जाणार नाही."

"आज नको."

"आज नको म्हणजे? तुझं काम जाईल!"

"मी फाइली लवकर पाठवेन. नको म्हटलं ना."

तो म्हणाला, "पण रोज वीसच मिनिटं का गं? आधी नाही, नंतर नाही?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

मला माहीत होतं.

सात महिन्यांपूर्वी, त्या दिवशी, सव्वाचारला आईचा कॉल आला होता. फाइली चढवायच्या होत्या. सकाळपासूनचा तो चौदावा कॉल होता. मी दमले होते. इतकी दमले होते की तिच्या नावाचा राग आला. मी लाल बटण दाबलं आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला. मनात म्हटलं, थांब गं बाई जरा.

चार पस्तीसला आत गेले.

पाटी तिच्या छातीवर होती. पडद्यावर माझं नाव. अंगठा त्याच्यावर.

धाकट्याला सांगितलं, झोपेत गेली, तिला कळलंसुद्धा नाही. तो त्या वाक्यावर सात महिने जगतोय. मला तेवढी सोय नाही.

शुक्रवारी फाइली आधीच पाठवल्या आणि सव्वाचारला मागच्या खोलीत खाटेच्या कडेला जाऊन बसले. ट्यूबचा आवाज थांबला. वरचं ड्रिलही थांबलं. तीन दिवे लुकलुकत होते. शेवटी म्हटलं, "आई, मी कापला गं फोन. ऐकू आलं नाही असं नाही. मी कापला."

वीस मिनिटं बसले. रडू आलं, ते रडून घेतलं. चार पस्तीसला ट्यूबची घूं घूं पुन्हा सुरू झाली. वाटलं, झालं, संपलं. शनिवार-रविवारी लॅपटॉप उघडलाच नाही. कित्येक महिन्यांनी दुपारी झोपले.

काल सोमवार होता. काम जास्त होतं, फाइली चारच्या आत झाल्याच नाहीत. पण मी निर्धास्त होते.

सव्वाचारला ओळ आली. पाच काड्या.

ठीक आहे, म्हटलं. वीसच मिनिटं. थोड्याच फाइली उरल्यात, त्यांना नंतरची पंचवीस पुरतील.

चार पस्तीस झाले.

ओळ गेली नाही.

चार चाळीस. फाइल जागची हलत नव्हती. सुपरवायझर बाईचा फोन वाजून वाजून थांबला. नाव बदलायचं पान मी उघडून ठेवलं होतं. नुसतं एक बटण. दाबलं की काम वाचलं असतं.

म्हणजे पुन्हा लाल बटण दाबायचं. त्याच वेळी, त्याच कामासाठी.

बोट पुढे गेलंच नाही.

आणि ती ओळ बघत असताना त्या नावापुढची एक काडी कमी झाली. चार. थोड्या वेळानं तीन...

खाटेची टक् आली नाही. पावलं वाजली नाहीत. काहीच वाजलं नाही. नुसत्या काड्या कमी झाल्या.

दोन.

आणि मग तिथेच थांबल्या. माझ्या लॅपटॉपला जेवढ्या, तेवढ्याच.

पाच वाजून गेले. तिसरा उशीर झाला. सकाळी बाईंनी फोन करून सांगितलं, फार वाईट वाटतंय हो ताई, पण आज संध्याकाळपर्यंत वरिष्ठांशी बोलून बघते. तुम्ही कालच्या आणि आजच्या फाइली तेवढ्या वेळेत पाठवा.

आता तीन वाजलेत. फाइली तशाच पडल्यात. हे मोबाइलवर लिहितेय. लॅपटॉप समोर उघडा आहे. ती ओळ कालपासून गेलेली नाही. दोन काड्या.

तिचा राग गेला म्हणून ती शेजारी येऊन बसलीय, की मी पुन्हा कापू नये म्हणून... मला कळत नाही. आई होती तेव्हाही कळायचं नाही.

धाकट्या, तू भुताखेतांच्या गोष्टींची ही असली पानं वाचतोस हे मला माहीत आहे. वाचलंस तर मला शिव्या घाल. पण नाव बदलायला येऊ नकोस.

भीती वाटते. ती लपवून काय करू? काम करायचं तर कानाला हेडफोन लावावा लागतो, आणि तो सकाळपासून टेबलावर पडलाय. दोनदा उचलला, दोनदा ठेवला.

हेडफोन लावला आणि तिनं हाक मारली, तर मला ऐकू येणार नाही.