अकरा दिवे

दाराला बाहेरून कुलूप, कुलपावर धूळ, आणि उंबऱ्यावर पणती तेवत होती.

नूतन खडू हातात धरून जागच्या जागी थांबली. चौऱ्याण्णवचा सप्टेंबर सरत आला होता. गणपती विसर्जन होऊन आठवडा होतो न होतो तोच शहरात प्लेग आला, आणि मिळेल त्या गाडीला लटकून निम्मं सुरत पळालं. गोडादऱ्याच्या कामगार वस्तीत चिटपाखरू नव्हतं. रात्रंदिवस खटखटणारे माग बंद पडले होते, आणि ती शांतता कानांना बोचत होती. अशा गल्लीत, दिवेलागणीला, कुलूपबंद घरापुढे दिवा? एक नाही, पुढच्या दारातही... त्याच्या पुढच्याही.

"फुंकू नका हां, बेन."

नूतनच्या हातातला खडू खाली पडला. मागे एक उंच तरुण उभा होता. तोंडाला रुमाल, हातात तेलाची बाटली, कमरेला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा.

"तुम्ही... इथे राहता?"

"मीच तेवढा राहतो. योगेंद्र. मागावर आहे, म्हणजे होतो." त्याने खडू उचलून दिला. "जाताना सगळ्यांनी किल्ल्या माझ्याकडे दिल्या. आमच्या शिरपूरकडं सांजेला घर अंधारात ठेवत नाहीत. रिकाम्या घरात दिवा नसला, तर दुसरंच कुणी राहायला येतं म्हणतात."

"दुसरं म्हणजे?"

"ते मी कशाला सांगू? तुम्हाला एकटीला परत जायचंय ना?"

नूतनला हसू आलं. मास्कमुळे ते त्याला दिसलं नाही, पण डोळ्यांत उतरलं असावं, कारण तो उगाचच वात नीट करत बसला.

ती महानगरपालिकेची रोजंदारीवरची आरोग्यसेविका. बँकेत असलेले वडील आई-भावाला घेऊन जळगावला गेले होते, तिलाही नेत होते. पण खाजगी दवाखान्यांची शटर्स खाली आलेली, आणि तिच्या वाट्याला चारशे दारं! ती राहिली. काम साधं होतं. दार वाजवायचं, माणसं मोजायची, ताप विचारायचा, प्रत्येक माणसामागे आठवड्याच्या कॅप्सुलांची एक पुडी द्यायची. दारावर खडूने तारीख आणि माणसांचा आकडा लिहायचा. कुलूप असेल तर 'बंद'. वर पाठवायचा हिशेब तोच. त्याच आकड्यावर गाड्या, खाटा, औषधं ठरत. ज्याची नोंद नाही, त्याला गोळी नाही.

गल्लीत तेरा खोल्या. बारा दारांवर तिने 'बंद' लिहिलं, आणि त्याच्या दारावर '१'.

"पुडी घ्या. आजची एक माझ्यासमोर. नियम आहे."

त्याने रुमाल खाली केला. हनुवटीवर खळी होती... नूतनने घाईने रजिस्टरात डोकं घातलं.

"गिळली? जीभ दाखवा."

त्याने आज्ञाधारक मुलासारखी जीभ दाखवली. "इतक्या काळजीनं मला कुणी पाहिलं नव्हतं, बेन."

"मी सगळ्यांच्याच जिभा पाहते."

"या गल्लीत दुसरी जीभ कुठंय?"

दुसऱ्या दिवशी ती फेरीत गोडादरा सर्वांत शेवटी ठेवून आली. तिसऱ्या दिवशीही. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही! तो दिवे लावत जायचा, ती बाटली धरून मागोमाग, नजर दिव्यांवर कमी आणि त्याच्यावरच जास्त. बोलणं चाले ते असलंच.

"तुमच्या दारात का नाही दिवा?"

"माझ्या घरात मी आहे ना. दिवा रिकाम्या घराला. जित्या माणसाच्या घराला 'रिकामं' म्हणून दिवा लावला तर... वाईट असतं ते."

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. नूतन गल्लीच्या तोंडाशी आली आणि सवयीने मोजू लागली. मोजणं हाडीमांसी मुरलेलं. एक, दोन, तीन... अकरा.

तिने पुन्हा मोजले. बारा कुलपं, अकरा दिवे. शेवटून दुसऱ्या दाराशी अंधार होता, आणि त्यावर तिच्याच अक्षरात 'बंद' होतं. ती दाराला कान लावून उभी राहिली. आत कुणीतरी खोकलं.

योगेंद्र मागे येऊन उभा राहिला होता. आज त्याने थट्टा केली नाही.

"कोण आहे आत?"

"सरलाबाई. लेक-सून टाकून पळाले तिला. मी सुरतला आलो तेव्हा दोन वर्षं तिच्याच हातचं जेवलोय."

"आणि तुम्ही कुलूप लावलंत?"

"तिनंच लावायला लावलं. नाहीतर तुम्ही नेली असती."

आतून क्षीण आवाज आला, "योगेन... माले दवाखानामा नको धाडू रे. जो तठे गया, तो परत उना नही."

नूतनने डोळे मिटून घेतले. तीनदा ती या दारावरून गेली होती. "औषध?"

"माझी पुडी दिली तिला."

"मग माझ्यासमोर रोज घेता ती?"

त्याने शर्टाच्या खिशातून कागद काढला. त्यात रंग विरघळलेली, चिकट झालेली कॅप्सूल होती. कालची.

"गालात ठेवायचो. जीभ दाखवायला सांगता, गाल नाही."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि रडावंसंही वाटलं. "एका माणसाच्या औषधात दोघं जगतील असं वाटलं तुम्हाला? मी लिहिलं नाही तर गाडी येणार नाही. गाडी नाही तर ऑक्सिजन नाही. तिला तुम्ही जपलं नाही, योगेंद्र... लपवलंत."

त्याने कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली वेगळी काढली.

"परत आणाल तिला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही," नूतन म्हणाली. "पण ती हरवणार नाही. कोणत्या खाटेवर आहे, ते रोज पाहीन."

त्याने कुलूप काढलं. नूतनने 'बंद' पुसून '१' लिहिलं आणि नाक्यावरच्या पोलीस चौकीतून फोन केला. तासाभराने विठ्ठल ड्रायव्हर गाडी घेऊन आला. योगेंद्रने म्हातारीला उचलून आत ठेवलं, आणि उतरताना दाराला धरून खोकला. नूतनने त्याच्या कपाळावर हात ठेवला. पहिला स्पर्श, आणि तोही चटका देणारा.

"तुम्हीही चला."

त्याने किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला. "दिवे तेवढे..." एवढंच म्हणाला.

मग रोज सांजेला नूतन एकटी त्या गल्लीत दिवे लावू लागली. भीती वाटे. पाठीमागे पावलं वाजल्यासारखी वाटत, वळून पाहिलं की कुणीच नसे. अकरा दिवे लावायची, आणि सरलाबाईचं व त्याचं दार अंधारात ठेवायची. रजिस्टरात दोघांपुढे लिहायची, 'हजर'. सकाळी वॉर्डाबाहेरच्या यादीत दोघांची नावं बोटाने शोधायची, तेव्हा कुठे श्वास सुटायचा.

सातव्या सकाळी यादीच लागली नव्हती. संध्याकाळी विठ्ठल भेटला. मान खाली घालून म्हणाला, "बेन, तुमच्या गोडादऱ्याचा एक गेला आज. नाव नाही माहीत."

ती योगेंद्रच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हातात पणती, दुसऱ्या हातात काडेपेटी. वारा पडला होता. बंद दाराआड काहीतरी उभं आहे, तिची वाट पाहत आहे, असं तिला वाटलं. काडी ओढली की ते खरं होणार होतं... तिने पणती पालथी घातली आणि अंधारातच पायरीवर बसून रडली. तो माणूस आपला आहे, हे तिला त्या पायरीवर कळलं.

दुसऱ्या सकाळी यादी लागली. गेलेलं नाव दुसऱ्याच गल्लीतल्या कुणाचं होतं. नूतन त्याच्यासाठीही रडली.

नवरात्राचे दिवस. वळकट्या घेऊन माणसं परतू लागली, कुठेतरी पहिला माग खटखटला. दुपारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. योगेंद्र उतरला, अर्धा झालेला. त्याने हात देऊन सरलाबाईला उतरवलं. म्हातारीने आपल्या दाराला हात जोडले आणि आत जाऊन पहिल्यांदा चूल पाहिली.

तो आपल्या दाराशी आला. दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर तेलाचे काळे डाग होते. त्याचा उंबरा कोरा.

"माझ्या दाराशी नाही लावलात, नूतन?"

या वेळी 'बेन' नव्हतं. तिने ते नोंदवून घेतलं.

"घरात माणूस होतं ना."

"कुलूप होतं."

"माझ्या रजिस्टरात नव्हतं."

दारावर तिचा '१' होता, रोज नव्याने गिरवलेला. योगेंद्र तो पाहत राहिला. मग हात पुढे करून म्हणाला, "खडू द्या जरा."

त्याने तळव्याने '१' पुसला आणि '२' लिहिला.

"चुकलं का? चुकलं असेल तर पुसून टाका. मागावरचा माणूस मी, तुमचे वडील बँकेत..."

नूतनने मास्क खाली ओढला. तिचा चेहरा तो पहिल्यांदाच पाहत होता.

"बाबा रविवारी येतायत जळगावहून," ती म्हणाली. "तोवर पाऊस आला तर पुसलं जाईल. ठळक लिहा."